पिशवीचा वास

पूर्णा स्टेशनवर ती बाई रोज सकाळी गरम दूध विकायची. प्लास्टिकच्या पिशव्या तेव्हा नवीनच आल्या होत्या. लोक चहासुद्धा त्यातच न्यायचे. ही मात्र पितळी पेल्यातच दूध द्यायची आणि पेला परत मिळेपर्यंत खिडकीशी उभी राहायची.

एकदा गाडी सुटता सुटता एका आईनं खिडकीतून पिशवी पुढं केली. मांडीवर तान्हं रडत होतं.

"घाला की मावशी, गाडी सुटायलीय!" फलाटावर तिच्या शेजारी उभा असलेला मीच ओरडलो.

तिनं पिशवीत घोटभर दूध ओतलं, हलवलं आणि माझ्या नाकाशी धरलं. नव्या रेनकोटासारखा वास आला.

"गरम लागलं की पिशवी दुधात उतरती, बाबा. तान्ह्या लेकराला कसं पाजू?"

मग तिनं पेला काठोकाठ भरून त्या आईच्या हाती दिला. गाडी पेल्यासकट निघून गेली. तिच्याकडं तो एकच पेला होता. अर्धी किटली दूध तसंच घेऊन ती घरी निघाली.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघतच राहिलो. माझ्या हातात बाकीच्या मास्तरांसाठी घेतलेली चहाची पिशवी होती. चटके बसण्याइतकी गरम.