दादा कोर्टात ‘बरं हाय’ म्हणाला

आत्ताच जालन्याहून घरी आलोय. डोकं इतकं तापलंय की बोलल्याशिवाय राहवत न्हाई, म्हणून इथं लिहून राह्यलो.

माझा मोठा भाऊ जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाच्या गाठींची थप्पी एका बाजूला कलली होती. कामगारांनी मालकाला सांगितलंही होतं, पण त्यानं बिलकुल लक्ष दिलं न्हाई. थप्पी कोसळली आणि दादाच्या मेंदूला मार लागला. तेव्हापासून त्याला सकाळचं संध्याकाळी आठवत न्हाई.

आज भरपाईच्या केसची तारीख होती. जजसाहेबांनी मायेनं विचारलं, "आता कशी आहे तब्येत?"

दादानं हात जोडले. "बरं हाय साहेब. तुमच्या कृपेनं सगळं बराबर."

मालकाचा वकील ताडकन उठला. "साहेब, हे लिहून घ्या."

अहो, आमच्याकडं माणूस तापानं फणफणत असला तरी विचारणाऱ्याला असंच सांगतो! मोठ्या माणसापुढं रडगाणं गायचं न्हाई, हे दादाला लहानपणापासून शिकवलंय. सगळं विसरला, पण नेमकं तेवढं विसरला न्हाई. मंग आता काय, माणसाला कोर्टात न्यायच्या आधी कण्हायला शिकवायचं? तुम्हीच सांगा.

परतताना वडीगोद्रीजवळ एसटीत दादानं हळूच विचारलं, "दवाखान्यात कोणाला भेटायला गेल्तो रे आपण? बरं हाय का त्याला आता?"

मी म्हणालो, "हो दादा. कोर्टानं तसं लिहून घेतलंय."