बोकडानं काढलेला ताप

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. प्लेगची लस गिनीपिगांवर तपासायची, हे माझं काम. थोरले चुलते चारचौघांत म्हणायचे, "बी.एस्सी. झालं आन् उंदरांची उस्तवार करतंय." मला त्याची लाज कधी वाटली नाही.

त्या हिवाळ्यात मार्गासनीजवळच्या आमच्या गावात उंदीर मरून पडायला लागले. रिवाजाप्रमाणे गाव मोकळं करून माणसं माळावर खोपटी घालून राहिली. शेजारच्या वाडीत प्लेग छातीत उतरला होता. खोकणाऱ्याजवळ बसलेलाही जात होता. मी लस टोचणाऱ्या डॉक्टरांना घेऊन आलो. पण चुलत्यांच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं आणि आमची आईही नव्हती.

"आदी बोकडाला टोचा," चुलते म्हणाले. "जगला तर बगू."

बोकड जगल्यानं काहीच सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण वाद घालत बसायला वेळ कुठं होता? डॉक्टरांनी टोचलं. संध्याकाळी बोकडानं पाला सोडला, अंग तापलं, थरथरायला लागलं. लसीनं ताप येतोच. पण हा मेला असता तर टोचून घ्यायला एकही दंड पुढं आला नसता.

सकाळी बोकड उठून पाल्याला लागला. मी श्वास सोडतोय तोवर चुलत्यांनी त्याच्या कपाळाला हळद लावली. आमच्याकडं देवीपुढं बोकडाच्या अंगावर पाणी टाकतात. तो थरथरला की देवीनं मान्य केलं. चुलत्यांनी तोच हिशेब इथं लावला.

"अंग झाडलं त्यानं. गावावरचं त्यानं घेतलं. आता आमाला कशाला टोचताय?"

माणसं पांगायला लागली. डॉक्टर बॅग आवरू लागले.

"आबा," मी चुलत्यांना म्हणालो, "आमच्याकडं एका पिंजऱ्यात दोन गिनीपिग. एकाला लस देतो, एकाला न्हाई. मग दोघांना रोग देतो."

"मग?"

"लसवाला बहुतेक तगतो. दुसरा त्याला चिकटून झोपतो, तरी मरतो."

"मुकी जनावरं मारायला शिकलास व्हय?"

"व्हय. त्येच शिकलो."

आई थोरल्या दिरांपुढं कधी बोलत नसे. ती पदर ओढून उठली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "म्हंजी ताप ज्याचा त्यानंच काडायचा." तिनं चोळीची बाही वर सरकवली. तिच्यामागं चुलत्यांच्या सुना येऊन उभ्या राहिल्या, मग बाकीची माणसं. चुलते मात्र जागचे हलले नाहीत.

दिवस कलताना आईला हुडहुडी भरली. चुलते खोपटाच्या दाराशी येऊन बसले. ती कण्हली की माझ्याकडं बघायचे.

"उठंल का रं?"

"उठंल," मी म्हणालो, आणि तिच्या कपाळावरचा हात काढला नाही.