मिनिटवाली

आमचा वर्ग गप्प करायला तिला नुसता हात वर करावा लागायचा. कानावर हेडफोन, एका हातात काठीला बांधलेला माइक आणि दुसरा हात वर. तो वर गेला की पूर्ण एक मिनिट कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, जमल्यास खोकायचंही नाही. जिथे चित्रीकरण झालं तिथली शांतता ती अशी मिनिटभर भरून घ्यायची. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये ती घालावी लागते, नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. सरांनी हे सगळ्यांनाच शिकवलं होतं, पाळायची ती एकटी. म्हणून तिचं नाव पडलं मिनिटवाली.

जळगावच्या कॉलेजात सरांनी आमची जोडी लावली ती बहुधा माझ्यावरचा राग काढायला. कॅमेरा माझ्याकडे, आवाज तिच्याकडे. मला एका जागी बसवत नाही. असोद्याहून येताना रेल्वेचं फाटक पडलेलं असलं तरी मी गाडीवरून उतरून येरझाऱ्या घालायचो. तिच्या मिनिटात माझा गुडघा हलायचा, खिशातल्या किल्ल्या वाजायच्या. ती हात खाली न घेता माझ्याकडे बघायची आणि मिनिट पहिल्यापासून सुरू करायची. केळीच्या बागेत माझ्यापायी तिला चारदा मोजावं लागलं. मी वैतागून म्हणालो, पानांची सळसळ इंटरनेटवर फुकट मिळते.

"मिळते," ती म्हणाली. "पण ती या बागेची नसते."

हे ती घरूनच घेऊन आली होती. भुसावळला तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. अब्बू मशीन नुसती ऐकून तेल कुठं कमी पडतंय ते सांगतात, असं ती अभिमानानं सांगायची. मी म्हणायचो, मग अब्बूंनाच प्रोजेक्टला घेऊ. तिला हसू यायचं, पण हात वर असला तर ती तेही दाबायची.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही धुळ्याला गेलो. तिथे नाना नावाचे एक म्हातारे गृहस्थ घरालगतच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवायचे. माग भंगारात द्यायचं ठरलं होतं, दोन दिवसांत टेम्पो येणार होता. मी फिरवून फिरवून विचारलं, चाळीस वर्षांचा माग जातोय तर काय वाटतं? नानांचं उत्तर एकच, "बठ्ठं चांगलं शे." सगळं चांगलंच आहे म्हणे. शेवटी मी कॅमेरा बंद केला, नानांनी माग बंद केला आणि हिनं हात वर केला. मला आणखी एक मिनिट सोसवेना. मी शेडबाहेर जाऊन उभा राहिलो.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. कापसाची धूळ गेली असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात नानांच्या घरातल्या अक्कांनी तिला जेवायला आत नेलं. इकडे नाना माग एकदा शेवटचा चालवून दाखवायला तयार झाले. मी रेकॉर्डर उचलला, तर कार्ड भरलेलं. त्यात फाइलींना नावं नव्हती, फक्त लांबी दिसायची. बरोबर एकेक मिनिटाच्या सगळ्या फाइली मी उडवल्या. हिची रिकामी मिनिटं, त्यांचं काय एवढं? मोकळ्या झालेल्या जागेत मागाची खडखड भरली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा तिनं हेडफोन लावले. बराच वेळ बटणं दाबत राहिली. शेवटी मी सांगितलं, जागा हवी होती म्हणून मिनिटं उडवली. मग हेडफोनची वायर नीट गुंडाळली आणि म्हणाली, "त्यात नाना बोलले होते. आपल्याशी नाही, मागाशी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फाइली परत मिळाल्या नाहीत. आठवड्यानं आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो, तर शेड रिकामी. मी नानांना ते पुन्हा बोलायला सांगितलं, तरी ते रागावले नाहीत. "तवय निंघी गयं, आते कसं निंघी?" तेव्हा तोंडून निघून गेलं ते आता कसं निघणार, एवढंच म्हणाले. तिनं त्या रिकाम्या शेडचं मिनिट भरून घेतलं. त्या वेळी मी किल्ल्या मुठीत घट्ट धरून उभा होतो. नाना काय बोलले होते, ते मी वर्षभर विचारलं. तिनं सांगितलं नाही. फिल्म 'बठ्ठं चांगलं शे'वर संपली, मार्कही बरे पडले, आणि मला ती आजही बघवत नाही.

गेल्या वर्षी तिला हैदराबादला आवाजाच्याच कामाची नोकरी लागली. मी भुसावळ स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी लागल्यावर पुन्हा विचारलं.

"तेव्हा सांगितलं असतं, तर तू ते पडद्यावर लिहून मोकळा झाला असतास," ती म्हणाली. मग दारात उभी राहून तिनं सांगितलं. माग बंद केल्यावर नानांनी त्याच्यावर हात ठेवला होता आणि हळूच म्हणाले होते, "आते तू बी दम खाय."

गाडी गेली. मी बाकावर बसलो, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, किल्ल्या काढून बाजूला ठेवल्या. वीसेक सेकंदांनी बघतो तर गुडघा हलत होता. मी मिनिट पहिल्यापासून सुरू केलं.