दोन गाठींचा करदोडा

माझ्या मेहुण्याइतका खाण्यावर जीव लावणारा माणूस कंधार तालुक्यात झाला न्हाई, अन् माझ्याइतका नालायक दाजी बी झाला न्हाई. निजामाचं राज्य संपत आलं होतं तवाची गोष्ट. गडी करोडगिरीच्या, म्हंजी जकातीच्या, नाक्यावर कारकून, दिवसभर बसून काम. दौत पोटावर ठेवून लिहायचा, थेंब सांडायचा न्हाई. साहेबाला सलाम करायला उठला की खुर्ची बी संगं उठायची. टांगेवाला त्याला मधोमध बसवायचा, न्हाईतर घोडं वर उचललं जायचं. गावं त्याला जेवणावरून ठाऊक. नायगावचं नाव निघालं की म्हणायचा, तिथं वांगं चांगलं करतात. जळकोटच्या एका लग्नात त्यानं जिलब्यांची परात रिकामी केली, तवा मीच मिशीला पीळ देत सांगत फिरलो, हा आमचा मेहुणा.

आईमागं माझ्या बायकोनंच त्याला वाढवलं. राहायला-जेवायला आमच्याच घरी. पुढं पुढं दाराच्या तीन पायऱ्या चढताना त्याला दोनदा टेकावं लागाय लागलं. बायकोनं हकीमसाहेबाकडं नेलं. त्यांनी छातीला कान लावला अन् म्हणाले, "मियाँ, ये चरबी का बोझ बैल नहीं, तुम्हारा दिल ढोता है." तूप-गोड बंद, भाकर मोजकी, रोज सकाळी किल्ल्यापर्यंत पायी. बायकोनं त्याच्या कमरेला स्वतःच्या हातानं नवा करदोडा बांधला, घट्ट, एका गाठीचा. म्हणली, "हा ढिला झाला की मी समजंन."

अंबाडीची भाजी तो मयतीच्या घरी बसल्यावानी खायचा. सकाळी सोबतीला मी. वाटेत भज्यांचं दुकान होतं, तोच आमचा किल्ला. घरी येऊन मी सांगायचो, जाऊन आलो. इकडं करदोडा कमरेत रुतून राहिला होता. एक दिवस हात जोडून म्हणला, "दाजी, चार बोटं दोरा वाढवा. अक्काला तेवढंच समाधान." मला हसू आलं. मी तिची गाठ सोडली, मधी तुकडा जोडला, एकाच्या दोन गाठी झाल्या, त्या पाठीमागं सरकवल्या.

बायकोनं बोट घालून बघितलं. सहज गेलं. तिचे डोळे भरले. त्या आनंदात तिनं पुरण शिजवलं अन् भावाच्या पोळीवर तूप सोडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी ताटात बघत राहिलो.

थोड्याच दिवसांनी तो दुसऱ्या पायरीवर छाती धरून बसला, तो उठलाच न्हाई. आंघोळ घालताना करदोडा मीच तोडला अन् भिंतीकडं टाकला. मागून शोधला, सापडला न्हाई. वाटलं, झाडून गेला असंल.

बायको त्यावर कधी बोलली न्हाई. फक्त माझ्या ताटातलं तूप कमी झालं, अन् रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालायला माझ्या हातात काठी यायला लागली. मी तिला चारचौघांत चिकट म्हणायचो, अन् भज्यांच्या दुकानापासनं मागं फिरायचो. तिनं ते बी चालवून घेतलं.

औंदा ती गेली. तिच्या पत्र्याच्या डब्यात, कुंकवाच्या करंड्याखाली, तो करदोडा निघाला. दोन्ही गाठी तशाच.

आता मी रोज किल्ल्याच्या दाराला हात लावून परत येतो. दुकानापाशी पाय अजून अडखळतो. घरी येऊन रिकाम्या सैपाकघराकडं तोंड करून सांगतो, जाऊन आलो. आता ते खरं असतं.