चार शब्दांचं बसकर

उखळातली साळ अर्धीच कांडून झाली होती, तोच शेजारची खातून धापा टाकत आली. "अंबूआक्का, मुसळ ठिवा. तुमचं शबूद पेठंत विकाया बसल्यात."

सदतीस सालची गोष्ट. उत्रोलीची अंबूबाई, मालक गेल्यापासून, जुन्या लुगड्यांची, पाहुण्याला बसायला अंथरायची बसकरं शिवून पोट भरायची. प्रत्येकावर टाक्यांची वेल आणि मधे चार शब्द: 'पाव्हणं आलं, घर उजळलं'. कांडताना एकदा ते तिच्या तोंडून निघाले होते, देवानं घातल्यागत. त्या शब्दांवरच भोरच्या बाजारात गिऱ्हाईक थांबायचं. आता एका कापडवाल्यानं तेच शब्द ठशानं छापून स्वस्त बसकरं मांडली होती. आपली आता कोण घेणार, या धास्तीनं तिनं कांडण तसंच टाकलं.

खातूननं तिला ओढतच भोर संस्थानच्या कोर्टातल्या वकीलसाहेबांकडं नेलं. त्यांनी तिचं आणि छापील, दोन्ही बसकरं शेजारी ठेवून न्याहाळली.

"बाई, पुस्तकाला, चित्राला कायद्याची राखण असते. एवढ्याशा वाक्याला नसते. तुमची वेल त्यानं उतरवली असती तर भांडता आलं असतं. शब्द ज्याच्या तोंडी बसतील त्याचे."

"म्हंजे कोंबडी आमची आन् अंडी गावाची," खातून जिन्यात पुटपुटली.

परतताना ऊन चढलं. वाटेत एका अनोळखी दारात दोघींनी पाणी मागितलं. घरच्या म्हाताऱ्या बनाबाईनं आधी बसकर आणून अंथरलं. छापील, कापडवाल्याचंच. अक्षरं पाहुण्यांकडं येतील असं फिरवलं, मग गूळ आणि तांब्या पुढं केला.

"मला वाचता येत न्हाई. लेकानं वाचून दावलं," ती म्हणाली. "तवापासनं दारातल्या मानसाला उभ्यानं पानी देववत न्हाई बगा. कुनाच्या तोंडचं हाय, देव जाणे. त्याचं भलं व्हवो."

खातून तोंड उघडणार, तोच अंबूबाईनं तिचा हात दाबला. या उंबऱ्याला तिचे पाय कधी लागले नव्हते, आणि तिचा बोल मात्र तिच्याआधी येऊन तिचीच सरबराई करत होता. त्या अक्षरांवर बसायला ती कचरली, कडेलाच टेकली.

पाणी पिऊन दोघी निघाल्या. वाटेत अंबूबाई म्हणाली, शब्द जाऊ देत जातील तिथं. वेल मात्र अशी भरायची, की ठशाला जमू नये.

खातूनला पुढं धाडून ती माघारी वळली. पेठेतून वेलीसाठी हिरवा दोरा आणायचा होता.