जयेशने मागितलेली माफी

आईला हे माहीत नाही. बाबांनाही नाही. जिच्याशी माझं लग्न ठरलंय तिला नाही, आणि ज्याच्यासाठी हे केलं असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो, त्या पार्थलाही नाही. तुम्हाला सांगतोय. नावं बदलली आहेत, माझंसुद्धा. तेवढा भित्रेपणा अजून शिल्लक आहे, तो आधीच सांगून टाकतो.

पार्थ माझा धाकटा भाऊ. भारताकडून खेळतो. तुम्ही त्याला पाहिलं असेल. फास्ट बोलरला दोन पावलं पुढे येऊन सरळ त्याच्या डोक्यावरून मारतो, तोच. कॉमेंट्री करणारे त्या फटक्याचं फार कौतुक करतात. तो फटका आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमधला आहे. एका बाजूला लोकांच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला तळमजल्याच्या खिडक्या, मग मारायचं तर सरळच. मी बोलिंग टाकायचो आणि गेटपर्यंत बॉल आणायला पळायचो. तो दहा वर्षांचा असतानाच मला कळलेलं, आमच्या घरात काय जन्माला आलंय ते.

त्याच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्याला सोसायटीने गच्चीवर मोठा पडदा लावलेला. पार्थ मैदानात उतरला आणि दुसऱ्याच बॉलला पुढे आला. आईने डोळ्यांवर हात घेतले. बॉल प्रेक्षकांत जाऊन पडला. गणपतीतसुद्धा कधी न नाचलेले माझे बाबा नाचले. मीही नाचलो. मग मधेच — कसं सांगू — जिन्यात जाऊन बसलो. आईला वाटलं मला भरून आलंय. तिने पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

मला त्या वेळी जयेश आठवत होता.

जयेश शीळ रस्त्याच्या बाजूच्या एका गावातला, आगरी घरातला. वडिलांचा टेम्पो होता. जयेश माझ्याच वयाचा, आणि तोही पार्थसारखाच पहिल्या बॉलपासून मारणारा. नाही, पार्थसारखा म्हणणं चूक आहे. पार्थ हिशोबाने मारायचा. जयेशला मारताना मजा यायची, आणि ती लांबूनसुद्धा दिसायची. कल्याणच्या मैदानांवर तो खेळायला उतरला की शेजारच्या मॅचमधली पोरंही वळून बघायची.

त्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या संघाची निवड होती आणि शेवटचा सामना ठाण्याला होता. दोन टीम केलेल्या. मी आणि पार्थ एकीत, जयेश दुसरीत. मी कीपर. माझं नाव लागणार नाही हे मला ठाऊक होतं. माझे हात बरे होते, बॅटिंग साधारण. पण मधल्या फळीत मारणारा एक बॅट्समन हवाय, आणि तो पार्थ नाहीतर जयेश, हे सगळ्या मैदानाला माहीत होतं. माझं आणि जयेशचं वयाच्या हिशोबाने ते शेवटचं वर्ष. पार्थ सोळाचा. त्याच्याकडे अजून वर्षं होती. हे मला तेव्हाही कळत होतं, नंतर सुचलेलं नाही.

सकाळी पार्थ लवकर आउट झाला. डबा न उघडता तंबूच्या मागे जाऊन बसला. बाबा ऑफिसला दांडी मारून आलेले. ते त्याच्याजवळ गेले नाहीत, माझ्याजवळ आले. म्हणाले, “निखिल, बघ जरा त्याच्याकडे.” एवढंच म्हणाले. बाबांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. हे सांगायला हवं, कारण एकदा मनातल्या मनात मी त्यांच्यावरही ढकलून पाहिलंय.

दुपारी जयेश बॅटिंगला आला आणि त्याने आमची बोलिंग फोडून काढली. निवड समितीचे लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. आमचाच बोलर हसत होता, इतकं ते सुंदर चाललेलं. मग एक बॉल बाहेर जाताना त्याच्या बॅटची कड लागली. खाली आला, माझ्या उजवीकडे. मी झेप घेतली.

इथे मी नेहमी थांबतो.

बॉल आधी जमिनीला लागला. गवतावर टेकला आणि मग ग्लोव्हमध्ये आला. ते कीपरला कळतं. बोटांना आधी माती लागते आणि मग बॉल, आणि तो वर येताना लागतो. मला शंका नव्हती. मी पडल्या पडल्या हात वर केला.

हात आपोआप वर गेला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पण पंचांनी लगेच बोट वर केलं नाही. ते पुढे आले आणि त्यांनी मला विचारलं, “क्लीन होता?” मी उठून उभा राहिलो, गुडघ्यावरची माती झटकली. भरपूर वेळ होता. जयेश माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “हो सर.”

पंचांनी बोट वर केलं, पण जयेश जागचा हलेना. टप्पा पडला, टप्पा पडला, म्हणत राहिला. पंचांनी पुन्हा बोट दाखवलं तेव्हा त्याने बॅट फेकली आणि पंचांना एक शिवी दिली. सगळ्यांसमोर. खुर्च्यांवरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला आठवतं, ते पाहून मला हलकं वाटलं. आता सगळं माझ्या खोट्यावर अवलंबून उरलं नव्हतं ना. त्याने स्वतःच स्वतःचं वाटोळं केलं, असं म्हणता येणार होतं, आणि पुढे सगळे तसंच म्हणाले.

पार्थची निवड झाली. त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. वयोगटातून वरच्या संघात, तिथून मोठ्या लीगमध्ये, तिथून भारतासाठी. त्याच्या एकाही धावेत खोट नाही. तो निवडला गेला असता, त्या वर्षी नाहीतर पुढच्या. मग मी केलं कशासाठी? याचं उत्तर मी खूप शोधलं. मला भावावरचं प्रेम सापडतं, आणि त्याच्या खाली, जरा चिकटलेलं, आणखी एक सापडतं. मी स्वतः कुठेच पोचणार नव्हतो. पार्थ पोचला तर मी पार्थचा भाऊ तरी होणार होतो.

पण तुम्हाला सांगायचं ते एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी कुणाला बोललो असतो. मैदानावर पोरं खोटं बोलतात.

चारेक दिवसांनी बेल वाजली. दारात जयेश आणि त्याचे वडील. जयेशने मान खाली घातलेली. वडिलांच्या हातात ताडगोळ्यांची पिशवी. आईने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते सोफ्याच्या कडेवर बसले आणि आईला म्हणाले, “पोऱ्याची चूक जाली. माफी मांगाला आयलाव.” पंचांकडे आधीच जाऊन आले होते म्हणे. मग त्यांनी जयेशकडे पाहिलं.

जयेश उभा राहिला. मला वाटलं आता तो माझ्या डोळ्यांत बघेल आणि संपेल सगळं. त्याने बघितलं. म्हणाला, “निखिल, मला तेव्हा टप्पा दिसला. पण मी वळेपर्यंत... माझे डोळे चुकले असतील. तू बोललास कॅच, तर कॅच.” आणि त्याने हात पुढे केला.

आई होती. बाबा होते. पार्थ आतल्या खोलीच्या दारात उभा होता. माझ्या तोंडातून एक वाक्य यायचं होतं, “तुझे डोळे नाही चुकले.” चार शब्द. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “होतं असं. सोड.”

जयेशच्या वडिलांचे डोळे भरून आले. म्हणाले, तू शिकलेल्या घरातला, शांत, तू याला जरा समजव. आणि मी समजावलं. खरंच समजावलं. पंचांचा निर्णय, डोकं थंड ठेवणं, खेळापेक्षा वागणं मोठं. जयेश मान डोलावत ऐकत होता. ते गेल्यावर आईने ताडगोळे सोलले. बाबा म्हणाले, चांगली माणसं आहेत. मी ते ताडगोळे खाल्ले.

जयेशला पुढे कुणी बोलावलं नाही. पंचांना शिवी देणारा मुलगा, हे नाव त्याला चिकटलं. काही वर्षं दिवा, मुंब्रा, कल्याणकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळत होता, असं कानावर यायचं. तो पार्थपेक्षा चांगला होता का? मला माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. ते मी केलंय.

आणि एक राहिलं. पार्थच्या पदार्पणानंतर टीव्हीवाले घरी आले. मला त्यांनी लहानपणीचे किस्से विचारले. मी पार्किंगचं सांगितलं, गेटचं सांगितलं, ते खूश झाले. मग म्हणाले, त्याच्यात वेगळं काय? मी म्हणालो, डोकं. त्याच्याबरोबर एक मुलगा होता, कदाचित जास्तच गुणी, पण डोक्यावर ताबा नव्हता, म्हणून संपला. नाव घेतलं नाही. कोणी विचारलं नव्हतं मला जयेशबद्दल. मी आपणहून बोललो. का बोललो? आजही सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात डोंबिवलीत पार्थचा सत्कार झाला. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून एकजण माझ्याकडे आला, कडेवर छोटी मुलगी. पोट सुटलेलं, केस मागे गेलेले, पण चाल तीच. जयेश हसला. आता वडिलांचा टेम्पो तोच चालवतो म्हणाला, अजून दोन घेतलेत. मुलीला पार्थबरोबर फोटो हवाय, जमेल का?

मी त्यांना पार्थकडे घेऊन गेलो. जयेश पार्थला म्हणाला, “तेव्हा ठाण्याला लय तमाशा केलेला मी. सॉरी रे.” पार्थने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, “कधी? मला नाही आठवत.” खरंच आठवत नव्हतं त्याला. फोटो मी काढला. एक हलला म्हणून परत काढला.

जाताना जयेश माझ्याजवळ थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, “टीव्हीवर बोललेलास ना, ते माझंच होतं ना? बायकोला मी सांगितलं, हा माझ्याबद्दल बोलतोय. बरोबर बोललास. मी गावातल्या पोरांनाही तेच सांगतो, डोक्यावर ताबा ठेवा, आपले डोळे फसवतात.”

मी “हो” म्हणालो. तो मुलीला घेऊन गर्दीत गेला. ती मागे वळून मला हात हलवत होती. मीही हलवला.

जयेश त्या दिवशी नाबाद होता.