चेहऱ्यावरचं नाव

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. हात कायम ग्रीसने काळे, पण फोटोंची भारी हौस; कॅमेरा हातात घ्यायचा तर आधी कोपरापर्यंत साबण लावून धुणार. पाखरं उडून जातात, मांजर तोंड फिरवतं, म्हणून ताईला उभं करायचे. ती बिचारी हातातलं काम टाकून उभी राहायची आणि वर सुनवायची, "अहो, खाली भाजी करपली तर तुम्हीच खायची." एकदा गच्चीवर असं म्हणून हसली, तोच तो फोटो. ओले केस, मागे वाळत घातलेल्या चादरी, आणि सगळे दात दाखवून हसणारी माझी बहीण.

भाऊजींनी तो फोटो काढणाऱ्या हौशी लोकांच्या एका साइटवर टाकला. पुढे एकदा बसमधून जाताना मला ताई दिसली. दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर, भलीमोठी! खाली लिहिलेलं, 'अगदी खऱ्यासारखी कवळी'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईचा एकही दात पडलेला नव्हता हो.

भाऊजी विचारायला गेले, तर डॉक्टर म्हणे फोटो नेटवर मिळाला, त्यावर कुणाचं नाव नव्हतं. पाटी उतरवली, पण स्वतःच्या साइटवर तो फोटो तसाच ठेवला. तोवर शेजारणी ताईला विचारून मोकळ्या झाल्या होत्या, कवळी कशी काय बसली म्हणून. ताईने आधी हसण्यावारी नेलं. मग हसताना तोंडावर हात धरायला लागली, आणि तो हात काही खाली आला नाही.

भाऊजींनी त्याचा धसका घेतला. फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकायला लागले. कुणीतरी शहाणपण शिकवलं की कोपरा कापता येतो, तर नाव मधोमध आणलं. मधोमध म्हणजे ताईच्या चेहऱ्यावर, जाड अक्षरात, आडवं. जुने सगळे फोटो काढून त्यांवरही नाव टाकत बसले. कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, आधीचा फोटो पुसून हा ठेवू का? हे दर वेळी हो म्हणायचे. कोरा फोटो राहिला की चोराची सोय होते, असं त्यांचं गणित. मी म्हटलं, भाऊजी, यात ताई दिसतच नाही.

"ती काय, घरात आहेच की," ते म्हणाले.

आणि त्याच वर्षी ताई गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली.

भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून भाचीने सगळं धुंडाळलं. वडिलांच्या कॉम्प्युटरवर जिथे तिथे आईच्या डोळ्यांवरून वडिलांचंच नाव. माझ्या फोनमध्ये तोंडावर हात. हौशी लोकांची ती साइट कधीच बंद पडली होती. कोरा चेहरा जगात एकाच जागी उरला होता, दवाखान्याच्या साइटवर. तोही एवढासा, मोठा केला की फाटायचा. आणि खाली काय लिहिलेलं? परवानगीशिवाय आमचे फोटो वापरू नयेत! मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी मी आणि भाऊजी दवाखान्यात गेलो. दात दुखणाऱ्या लोकांमध्ये नंबर लावून बसलो. डॉक्टर अगदी गोड बोलला. मोठा फोटो काढून दिला आणि म्हणाला, "घरात लावा, काही हरकत नाही. फक्त आणखी कुठे टाकू नका." मी तोंड उघडणार, एवढ्यात भाऊजींनी हात जोडून त्याचे आभार मानले. त्या माणसाचे! मला त्या क्षणी दोघांचाही संताप आला.

फ्रेमला द्यायच्या आधी फोटो घरी नीट पाहिला. ताई पोटभर हसते आहे, आणि खाली कोपऱ्यात दवाखान्याचं नाव, शेजारी त्यांचा निळा दात. मी कात्री घेतली, म्हटलं एवढा कोपरा उडवते.

भाऊजींनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याने निदान कोपऱ्यात टाकलंय."